बॅटरीवरची रजई

माझ्या सासऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते त्यांचं इंजिन मी भंगारवाल्याला दिलं त्या दिवसापासून. टाकलं म्हणजे अगदी पूर्ण टाकलं. मी ताटात वाढायला समोर उभी असले तरी मीठ ते माझ्याकडे मागत नसत, सासूबाईंकडे मागत, आणि सासूबाई दुसऱ्या खोलीत असल्या तर अळणी जेवून उठत. मीही काही कमी नाही. ज्याला बोलायचं नाही त्याची मनधरणी करत बसायला मला वेळ नव्हता. मी विजेच्या मोटारींची जळालेली वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, नव्याने भरायच्या दुकानात काम करते. दिवसभर तांब्याच्या तारेशी झुंजून घरी आल्यावर पुन्हा एका माणसाच्या अढीशी झुंजायची ताकद माझ्यात उरत नाही.

इंजिनाचं झालं असं. आमचं तळं पिण्याच्या पाण्याचं. त्यात तेलावरची इंजिनं चालवायला बंदी आली आणि मासे धरणाऱ्या सगळ्यांनी आपापली इंजिनं उतरवली. आबांनीही, म्हणजे सासऱ्यांनीही उतरवलं, पण ते शेडमध्ये नेऊन ठेवलं आणि रोज पुसायला सुरुवात केली. होडी किनाऱ्यावर उलटी, माणूस शेडमध्ये कोंडलेला आणि इंजिनातून तेलाची गळती चालू. शेवटी ते डोळ्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हा नवऱ्याने आणि मी मिळून ठरवलं, की हे प्रकरण एकदाचं संपवायचं. ठरवलं दोघांनी, पण भंगारवाल्याला बोलावणारी मी आणि इंजिन उचलायला हात लावणारी मी. त्यामुळे पाप सगळं माझ्या माथी आलं. नवऱ्याशी ते दुसऱ्याच दिवशी बोलायला लागले. शेवटी मुलगा तो मुलगा.

इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, पाण्यात तिचा छोटा पंखा फिरतो आणि होडी संथपणे पुढे सरकत राहते. मागे गळ सोडून द्यायचे आणि गप्प बसायचं. ट्रोलिंग मोटर म्हणतात तिला. आबा तिला ‘ती मुकी’ म्हणत. घरात ते ‘त्या मुकीचं काय?’ असं विचारत तेव्हा मोटरबद्दल विचारताहेत की माझ्याबद्दल, हे मला कित्येकदा कळत नसे.

मोटरला दोन बॅटऱ्या लागतात. त्या मागच्या बाकाखाली एका लाकडी खोक्यात बसवल्या. चार्जिंगची सगळी जोडणी मी केली, आणि तीही आबा पाण्यावर असताना, कारण इंजिन गेल्यापासून शेडमध्ये पाऊल टाकायची मला बंदी होती. घरातून शेडपर्यंत जाड वायर नेली, भिंतीवर बटण आणि दिवा बसवला आणि फळीवर चार्जर ठेवला. चार्जर दुकानातला, जुना. वजनाला भारी, कामाला इमानदार आणि डोक्याने पूर्ण रिकामा. बॅटरी भरली की आपण थांबावं एवढंही त्याला कळत नाही. तो ढकलतच राहतो, आणि मग बॅटरीतलं पाणी उकळ्या फुटल्यासारखं बुडबुडायला लागतं, त्यातून गॅस निघतो. हा गॅस मोकळ्या हवेत निघून जातो, पण कोंडला तर ठिणगीची वाट बघत बसतो.

म्हणून मी सूचना दिल्या होत्या. खोक्याचं झाकण लावू नका. रात्रभर चालू ठेवू नका. वीज चालू असताना बॅटरीवरच्या चार्जरच्या क्लिपा काढू नका. सूचना दिल्या अर्थातच सासूबाईंच्या हाती.

आमच्या घरची डाक सासूबाई चालवत. गुडघे दुखतात, जिना चढताना कण्हतात, पण निरोप घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायला कधी कंटाळल्या नाहीत. भांडणाची त्यांना लहानपणापासून धास्ती आहे. कुणाचा आवाज चढला की त्यांच्या पोटात कळ येते, खरोखरची. मी म्हणे, ‘त्यांना सांगा, असं असं करू नका,’ आणि त्या मान डोलावून जात. परत येऊन सांगत, ‘बरं म्हणाले हो.’ कितीतरी वेळा मला वाटे, माणूस वाईट नाही, सांगितलेलं ऐकतो तरी. फक्त तोंड तेवढं उघडत नाही.

त्या सकाळी थंडी अशी होती की नळाचं पाणी हाताला चावत होतं. नवरा आदल्या दिवशीच बाहेरगावी गेला होता, मोटरचा मोडका पंखा बदलून आणायला. मी दुकानात निघायच्या तयारीत मागचं दार उघडलं आणि वास आला. सडक्या अंड्याचा.

“मासा कुजला असेल कुठेतरी,” सासूबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या.

मासा नव्हता. तो वास मी दुकानात ओळखायला शिकले आहे. बॅटरी मर्यादेबाहेर शिजली की तिला असा वास सुटतो. मी पिशवी तिथेच टाकली आणि उतारावरून शेडकडे धावत सुटले.

शेड पाण्याच्या काठाला आहे, फळ्यांची, वर पत्रा. खिडकी घट्ट लावलेली. दार ढकललं तर आतून कडी. दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आहे, तिला डोळा लावला.

आत भिंतीवरचा दिवा जळत होता. होडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. मागच्या बाकाखालचं खोकं मला आधी दिसेचना, कारण त्यावर निळी रजई होती. चारही बाजूंनी नीट खोचलेली, वर प्लास्टिकचा कागद, आणि त्यावरून दोरी घेऊन पक्की गाठ मारलेली. तान्ह्या बाळालाही इतकं जपून कुणी गुंडाळत नाही. रजईच्या एका कोपऱ्यातून चार्जरच्या दोन वायरी आत शिरल्या होत्या. चार्जर गुणगुणत होता. आणि त्या गुणगुणीखाली दुसराही एक आवाज येत होता, डाळ शिजल्यासारखा, गदगद गदगद.

आबा खोक्याच्या शेजारी गुडघे टेकून बसले होते. पुढ्यात त्यांचा रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर पातेलं. पाण्यावर जायच्या आधी ते शेडमध्येच आपला चहा करून घेतात. एक हात रजईवर ठेवलेला आणि दुसरा काडीपेटी शोधत खिशात गेलेला.

पळावं की ओरडावं, काही सुचेना.

“आबा,” मी म्हणाले.

इतक्या महिन्यांनी तो शब्द उच्चारताना जीभ अडखळली. खिशातला हात थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि पुन्हा होडीकडे तोंड फिरवलं.

“आबा, काडी ओढू नका. क्लिपांना हात लावू नका. तसेच उठा आणि दार उघडा.”

“ऐकलंस का?” ते होडीला म्हणाले. “आज सकाळी सकाळी वारा हुकूम सोडायला लागला.”

“बॅटरीतून गॅस निघालाय. खोक्यात कोंडलाय तो. काडी ओढलीत तर तोंडावर उडेल.”

“जन्मभर पेट्रोलच्या टाकीला टेकून चहा केलाय मी,” ते होडीला म्हणाले. “तेव्हा नाही काही उडालं.”

त्यांनी काडीपेटी बाहेर काढली. मला दाखवायलाच काढली असावी, कारण ती त्यांनी स्टोव्हवर धरली नाही, वर उजेडात धरली. माझ्या हे लक्षात आलं आणि माझ्याच रागाने मला धाप लागली. हा माणूस मरायला टेकलाय आणि मला चिडवतोय.

“निदान ते चार्जरचं बटण...” मी बोलायला लागले आणि जीभ चावली. बटण भिंतीवर होतं, खोक्याच्या डोक्यावर. जुनं बटण, दाबलं की आत निळी ठिणगी दिसते. ते बंद करायला सांगणं म्हणजे काडीच ओढायला सांगणं. वीज तोडायची तर घरातून तोडायला हवी होती, मीटरखालचा मोठा दांडा पाडून. धावत वर जाऊन दांडा पाडून परत यायला मला फार वेळ लागला नसता. पण तेवढ्या वेळात काडी ओढली गेली असती. आणि मी इथेच उभी राहिले तर बॅटरी शिजत राहणार होती. दोन्हीकडून माझेच हात बांधलेले.

मी दारापासून न हलता मान वळवून घराच्या दिशेने ओरडले.

“आई! मेन पाडा!”

सासूबाई मागच्या पायरीवर आल्या. डोक्यावरून शाल घेतलेली, हातात पळी. “काय पाडू?”

“मेन. मीटरखालचा दांडा. खाली ओढा.”

त्यांनी पळीसकट दोन्ही हात शालीत घेतले. विजेच्या बोर्डाला त्या कधीच हात लावत नाहीत. नवी नवरी असताना एकदा झटका बसला होता, तेव्हापासून दिवासुद्धा त्या लाटण्याने लावतात. “मला नाही गं जमायचं ते. ह्यांना सांग की.”

“आबाच अडकलेत आत. आई, लाटण्याने ओढा, कशानेही ओढा, पण आत्ता ओढा.”

त्या आत गेल्या. त्यांच्या गुडघ्यांची चाल मला माहीत होती. स्वयंपाकघर, मग बोळ, मग पुढची खोली, मग लाटणं विसरलं म्हणून पुन्हा स्वयंपाकघर.

मी पुन्हा फटीला डोळा लावला. आबांनी काडीपेटी कानाशी धरून हलवून पाहिली. आत काड्या वाजल्या. त्यांनी पातेलं नीट केलं, स्टोव्हची चावी फिरवली आणि पेटी अर्धी उघडली. आता ते दाखवण्यासाठी करत नव्हते. त्यांना खरंच चहा हवा होता. त्यांचे ओठ थंडीने काळेनिळे पडले होते.

समजावून सांगून काही होणार नव्हतं. मी ‘नका’ म्हटलं की त्यांना ते करायचंच होतं. विनवणी केली असती तरी त्यांनी ती होडीलाच सांगितली असती. मला त्यांना काडीपेटीपासून दूर, दाराशी आणायचं होतं, आणि या माणसाला उठून दाराशी आणेल अशी जगात एकच गोष्ट होती. ते वाक्य मी कितीतरी महिने जिभेखाली दाबून ठेवलं होतं. नवऱ्यासाठी दाबलं होतं, सासूबाईंच्या पोटासाठी दाबलं होतं.

“तुमचं ते इंजिन भंगारच होतं,” मी म्हणाले.

पेटी उघडणारा अंगठा थांबला.

“काय म्हणालीस?”

मला म्हणाले. होडीला नाही.

“भंगार म्हणाले. बहिरे आहात का? भंगारवाल्यानेसुद्धा तोंड वाकडं करून नेलं ते. म्हणाला, बाई, यातलं काय घेऊ, गंज घेऊ की काजळी घेऊ?”

हे सगळं खोटं होतं. भंगारवाल्याने इंजिनाकडे बघून ‘चांगला माल आहे’ म्हटलं होतं. पण माझ्या तोंडाला त्या वेळी सुटी मिळाली होती.

आबा उठले. गुडघ्यावर हात दाबून, एका झटक्यात नाही, पण उठले. “पुन्हा बोल.”

“दोरी ओढून ओढून तुमचा खांदा निखळायचा आणि ते नुसतं खोकायचं. सगळं तळं हसायचं. आबांचं इंजिन सुरू झालं की लोक म्हणायचे, चला, दुपार झाली.”

“तळं हसायचं?” ते होडीला वळसा घालून दाराकडे आले. काडीपेटी अजून मुठीतच होती. “त्या इंजिनाने तुझ्या नवऱ्याला खायला घातलंय. त्याचं शिक्षण केलंय. वादळात सगळ्यांची इंजिनं बंद पडली तेव्हा माझं चाललं, आणि दोन होड्या मी दोरीने ओढून आणल्या. तेव्हा कुठे होतीस तू?”

“तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. पण त्या वादळाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मीच होडीत होते असं वाटतं.”

फटीच्या पलीकडे आता त्यांचा डोळा आला. ऑपरेशन झालेला, लालसर. मला त्यांच्या श्वासाची उबही लागली. आणि त्यांच्या खांद्यामागे, त्या रजईखाली, गदगद चालूच होती.

“फटीतून काय भांडता?” मी म्हणाले. “हिंमत असेल तर दार उघडून बोला.”

“तू माझ्या शेडमध्ये यायचं नाहीस.”

“मग तुम्ही या बाहेर. का तिथे कोंडून घेऊनच शूर?”

माझ्या पाठीतून घामाचा ओघळ चालला होता, त्या थंडीत. एखादा शब्द जास्त झाला आणि हा माणूस पाठ फिरवून पुन्हा स्टोव्हपाशी जाऊन बसला तर? एखादा शब्द कमी पडला तर? दुकानात जिवंत वायर हातात घेऊन मी काम केलंय, पण इतकं जपून कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात चार्जरची गुणगुण थांबली. भिंतीवरचा दिवा विझला. सासूबाईंनी दांडा पाडला होता. माझ्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला.

कडी वाजली. दार उघडलं आणि त्या वासाचा लोट माझ्या तोंडावर आला. आबा उंबऱ्यात उभे राहिले. अंगात नुसता सदरा. मी एक पाऊल मागे घेतलं, त्यांनी एक पुढे टाकलं. मी आणखी दोन मागे गेले, पाण्याच्या बाजूला. ते मला धमकावायला पुढे येत होते आणि मला तेच हवं होतं.

“विचारायचं होतंस मला,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट बसलेला होता. “मी डोळ्यांवर पट्टी बांधून पडलो होतो, आणि तू माझ्या पाठीमागे...”

“विचारलं असतं तर दिलं असतंत?”

“नसतं दिलं. म्हणूनच विचारायचं होतंस.”

मी आणखी मागे सरकले आणि म्हणाले, “सदऱ्यावर काय आलात? रजई बॅटरीला आणि तुम्ही असे?”

“तूच म्हणालीस ना?”

“मी?”

“आता नाकबूल करू नकोस. तुझ्या सासूला तू म्हणालीस. बॅटरीला जपा, थंडीवाऱ्याची ती नाजूक असते. तिला रात्रभर पोटभर चार्ज होऊ द्या म्हणालीस. आणि मलाही जपून राहा म्हणालीस.” त्यांनी काडीपेटीची मूठ माझ्यासमोर हलवली. “रोज काहीतरी गोड येत होतं तुझ्याकडून. मी म्हटलं, पोरगी इतकी काळजी करतेय, आपणच दगड होऊन बसलोय. काल रात्री थंडी वाढली. म्हटलं एकदा तरी ऐकावं तिचं. माझी रजई घातली तिला. मी शेडमध्येच पोत्यावर झोपलो.”

मी तिथल्या तिथे उभी राहिले. सासूबाईंची डाक कशी चालते हे मला त्या क्षणी कळलं. माझा प्रत्येक ‘नका’ त्या वाटेतच कुठेतरी खाली ठेवत होत्या आणि त्या जागी स्वतःच्या मनातलं उचलून पुढे नेत होत्या. झाकण लावू नका, रात्रभर ठेवू नका, क्लिपा काढू नका. माझं सगळं सांगणंच ‘नका’चं, त्यामुळे आबांपर्यंत माझ्या सूचनांतलं काहीच पोचलं नव्हतं. आणि मला जे ‘बरं म्हणाले’ ऐकू येत होतं तेही याच दुकानातलं. त्या बाईने बिचारीने आम्हा दोघांनाही एकेक समंजस माणूस बनवून दिला होता, आणि तसं कुणीच घरात राहत नव्हतं.

“आबा,” मी म्हणाले, “मी असं काहीच...”

आणि शेडमधला दिवा लागला.

नंतर कळलं ते असं. सासूबाईंनी लाटण्याने दांडा पाडला, घर अंधारलं आणि बाहेर आमचं भांडण रंगात आलेलं. त्यांना वाटलं, आपण चुकीचं काहीतरी पाडलं, त्यावरूनच दोघं एकमेकांवर ओरडताहेत. भांडण मिटावं म्हणून त्यांनी तो दांडा पुन्हा वर ढकलला.

पण त्या क्षणी मला हे काहीच माहीत नव्हतं. उघड्या दारातून पिवळा उजेड दिसला, चार्जरची गुणगुण ऐकू आली, आणि खोचलेल्या रजईखाली एखादी क्लिप सैल झाली असेल तर वीज परत येताच ठिणगी उडेल, हा विचार डोक्यात आला. मी आबांचं मनगट धरलं आणि जिवाच्या आकांताने उताराकडे ओढलं. ते म्हणाले, “अगं सोड, काय अंगाला...”

आवाज फार मोठा होता. त्याहून जास्त मला आठवतो तो धक्का, पाठीत कुणीतरी दार घातल्यासारखा. मी वाळूत पालथी पडले आणि माझ्यावर काहीतरी जड पडलं. मला वाटलं, दारच आलं. पण ते आबा होते. त्यांनी दोन्ही हातांनी माझं डोकं दाबून धरलं होतं आणि स्वतःची पाठ वर केली होती. पत्र्यावर काहीबाही पडत होतं. मग तेही थांबलं.

“उठा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आला. “ॲसिड असेल अंगावर. पाण्यात चला. डोळे मिटा, चोळू नका.”

त्यांनी डोळे मिटले. चोळले नाहीत. मी त्यांना हाताला धरून तळ्यात गुडघाभर पाण्यात नेलं आणि ओंजळीने त्यांच्या तोंडावर, मानेवर, पाठीवर पाणी मारत राहिले. सदऱ्याला पाठीवर बारीक भोकं पडायला लागली होती. ते पाणी असं गार होतं की बोटं गेली माझी. मी त्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या. डोळे ठीक होते. मी पुन्हा पुन्हा पाहिले, मला विश्वास बसेना.

मागे वळून पाहिलं तर शेडचा अर्धा पत्रा उचकटला होता. होडीचा मागचा बाक मधोमध फाटला होता आणि पातेलं छताच्या वाशाला अडकून राहिलं होतं. रजईतला कापूस सगळीकडे उडाला होता. पाण्यावर, वाळूवर, आमच्या डोक्यांवर कापूसच कापूस.

सासूबाई उतारावरून येत होत्या, हातात अजून लाटणं. त्या दिवशी त्यांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. त्या काठाशी आल्या आणि आम्हाला पाण्यात उभं बघून तिथेच थांबल्या.

मी आबांचं मनगट सोडलं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते, दातावर दात वाजत होते. माझ्या गालावर कुठेतरी खरचटलं होतं, रक्ताची चव मला ओठाशी लागत होती. त्यांनी ते पाहिलं. मग सासूबाईंकडे तोंड केलं.

“विचार तिला,” ते म्हणाले, “लागलं का कुठे.”

मी इतकी थकले होते की मलाही दुसरं काही सुचलं नाही. “त्यांना सांगा,” मी म्हणाले, “खरचटलंय फक्त.”

सासूबाई वाळूत बसल्या. लाटणं मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शब्द बोटांतून बाहेर आले.

“मी नाही सांगणार. मी आता कुणाचं काही सांगणार नाही. गोड करून सांगत होते मी, दोघांनाही. जीव घेतला असता मी तुमचा. मेनपण मीच लावला परत.” त्या हुंदके द्यायला लागल्या. “तुमचं तुम्ही बोला. नाहीतर बोलू नका. माझ्याच्याने नाही होणार.”

पाण्यावरचा कापूस हळूहळू आमच्या गुडघ्यांशी जमा होत होता. मी आबांकडे बघायचं टाळत होते, कारण बघितलं असतं तर मी रडले असते, आणि त्यांच्यासमोर रडायची माझी तयारी नव्हती. त्यांच्या मुठीत ती काडीपेटी अजून होती, भिजून लगदा झालेली. त्यांनी ती पाण्यात सोडून दिली.

“लागलं का गं जास्त?” ते म्हणाले.

मला म्हणाले. मी मान हलवली आणि मग रडायला लागलेच. ते थांबून राहिले. पाण्यात, तशा थंडीत, थांबून राहिले.

“काय सांगितलं होतंस तू?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. “म्हणजे खरं, तुझ्या तोंडचं.”

मी नाक पुसलं. “झाकण लावू नका. रात्रभर चालू ठेवू नका. वीज चालू असताना क्लिपा काढू नका.”

“असं होय,” ते म्हणाले, आणि शेडकडे बघत राहिले.

“मी स्वतः येऊन सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

“छे. मुळीच नसतं ऐकलं.” त्यांनी डोक्यावरचा कापूस काढून बोटांत धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. “पण माझी रजई तरी दिली नसती.”